शुक्रवारची गायनशाळा

शारजात आमच्या मुलीला गाणं शिकवायला कोणी मिळेना. शोधून शोधून सापडली ती चर्चची गायनशाळा. मुलं तिला कॉयर स्कूल म्हणायची. शेजारणीनं लगेच विचारलं, मुलगी बाटवताय की काय? मी म्हटलं, तुमची लेक टीव्हीसमोर नाचते, ती काय हिरॉइन झाली? तेव्हापासून तिनं आमच्याकडे विरजण मागायचं सोडलं.

शाळा कसली, चर्चमागची एक लांब खोली, एक पियानो आणि खडखडणारा एसी. बाहेरून क्रूससुद्धा दिसायचा नाही. सुरुवातीला म्हणे तिथं सगळी इंग्रज मुलं होती, तेलकंपन्यांतल्या साहेबांची, आणि तालीम कोणाच्या तरी दिवाणखान्यात चालायची. साहेब मायदेशी परतत गेले, तसे केरळचे, गोव्याचे, फिलिपिन्सचे, नायजेरियाचे गळे येत गेले. रीत मात्र विलायतेतल्या मोठ्या चर्चचीच राहिली. पांढरा झगा, रांगेनं चालणं, आणि गाणं संपल्यावर टाळी नाही. रविवारची प्रार्थना तेवढी शुक्रवारी व्हायची, कारण सुट्टी शुक्रवारची.

शिकवायला एक वयस्कर इंग्रज बाई होत्या. सगळे त्यांना मिस म्हणत. माझं त्यांच्याशी पहिल्याच महिन्यात वाजलं. आपल्याकडे गळा उठून दिसावा म्हणून जिवाचं रान करतात. आणि मिस माझ्या लेकीला सांगत, तुझा आवाज वेगळा ऐकू येता कामा नये. वर, दम लागला तर खुशाल ओळीच्या मधेच श्वास घे! मी तणतणत गेले. मिस शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एक थांबली की शेजारच्या सूर धरतात. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही." मला काही ते पटलं नाही. पण लेक रमली होती, म्हणून गप्प बसले.

तिला एकच ध्यास होता, बाबांनी एकदा ऐकायला यावं. ह्यांची नोकरी हमरिया फ्री झोनमधल्या कारखान्यात, आणि शिफ्ट नेमकी शुक्रवारी. पुढच्या शुक्रवारी नक्की, इन्शाल्ला, असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. घरीच गाऊन दाखव म्हटलं तर ती मान उडवायची. एकटीनं गायलं की गाणं अर्धंच होतं, तिथं या म्हणायची. शेवटी नाताळच्या कार्यक्रमासाठी ह्यांनी भांडून रजा मिळवली. निळा शर्ट आधीच इस्त्री करून ठेवला.

त्याच आठवड्यात कारखान्यात ह्यांच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ह्यांना पुण्याला, घरी न्यायचे कागद होईपर्यंत काही दिवस गेले. पेटी बंद करण्याआधी शवागारात अखेरचं दर्शन घ्यायला ह्यांच्या कारखान्यातली माणसं आली. त्यांच्या मागून चर्चची व्हॅन आली. मिस उतरल्या, आणि गायनशाळेतल्या मुली. आमच्या पद्धतीचं गाणं आहे, तुम्हाला चालेल का, असं मिसनी विचारलं. मी मान हलवली. लेक माझा हात सोडून मुलींच्या रांगेत जाऊन उभी राहिली. ह्यांच्या अंगावर तोच निळा शर्ट होता.

मुली अगदी हळू आवाजात गायला लागल्या. दुसऱ्याच ओळीला माझ्या लेकीचे ओठ मिटले, ते पुन्हा उघडलेच नाहीत. शेजारच्या मल्याळी मुलीनं तिचा हात धरला आणि आपला आवाज थोडा चढवला. पलीकडच्या फिलिपिनो मुलीनंही चढवला. मी डोळे मिटून ऐकत राहिले. गाणं कुठंच तुटलं नाही.

घरी परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आई, आय स्टॉप्ड सिंगिंग. बाबांना कळलं का?"

मी तिला जवळ ओढलं.

"नाही गं राणी," मी म्हटलं. "बाबांनी पूर्ण गाणं ऐकलं."