काकांच्या गाडीचा ओरिजनल सायलेन्सर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा घोळ सांगताना मध्येच माझा आवाज बसतो. चहा घ्या, सांगतो.

आमच्या रोह्याच्या काकांकडे एक लाल विलायती गाडी होती. स्पोर्ट्स कार! दोनच माणसं बसणार, वर छप्पर नाही, आणि इतकी बुटकी की रस्त्यात कोंबडी आली तर तिची नि काकांची नजरानजर व्हायची. काका मिठागरांच्या कामाला पेणला जायचे. बाकीचे लोक एसटीने जायचे, काका युद्धाला निघाल्यासारखे धडधडत जायचे.

काका गेले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. मग एक दिवस काकू म्हणाली, "माधव, गाडी पहिल्यासारखी करून दे रे. एकदा फिरव माझ्यासमोर."

आता ‘पहिल्यासारखी’ या शब्दात न कळण्यासारखं काय आहे, सांगा? पण मी पडलो कंपनीत क्वालिटी कंट्रोलला! माझ्या लेखी पहिल्यासारखी म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी.

रफिकभाई मेकॅनिकने इंजिन चालू केलं. मी गाडीखाली वाकलो आणि किंचाळलोच.

"रफिकभाई, हा तर ट्रॅक्टरचा सायलेन्सर!"

"मग? चालतोय ना? फाटलाय तिथं वेल्ड मारतो."

"अजिबात नाही. ओरिजनलच लावायचा!"

झालं! सुरू झाला शोध. मुंबईच्या जुन्या बाजारातून एक आणला, तो निघाला पुढच्या मॉडेलचा. पाइप मागच्या ॲक्सलला घासत होता. तरी ठोकून बसवला. पेणच्या रस्त्याने पहिल्याच खड्ड्यात त्याचा निकाल लावला. शेवटी मित्राची बहीण इंग्लंडहून येणार होती, तिला गळ घातली. बिचारीने तो सायलेन्सर साडीत गुंडाळून बॅगेतून आणला. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा तिने मला काय काय शिव्या दिल्या असतील, मी आजही विचारलेलं नाही.

पण बसला! एकेक क्लँप, एकेक रबर जिथल्या तिथे. इंजिन चालू केलं तर दूध पिऊन बसलेल्या मांजरासारखा मऊ गुरगुराट. माझे डोळे भरून आले. रफिकभाईनेही बोनेटवरून हात फिरवला. ट्रॅक्टरचं ते जुनं धूड मी त्याच आठवड्यात पेणच्या भंगारवाल्याला देऊन टाकलं.

मग ऐटीत काकूच्या दारात गाडी उभी केली. वाट बघितली. कुणीच बाहेर येईना. आत गेलो, तर काकू स्वयंपाकघरात.

"काकू, अगं गाडी आणली!"

"कधी? मला आवाज नाही आला."

बाहेर आली. मी ॲक्सिलरेटर दाबून दाखवला. "छान आहे हो," ती म्हणाली. दवाखान्यातल्या खिचडीला छान म्हणतात ना, तसं.

"काय झालं, काकू?"

"काही नाही रे. दुसऱ्या कुणाची तरी गाडी वाटते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सायलेन्सर ट्रॅक्टरचाच होता. गाडी पुलावर आली की मला इथे कळायचं, आले हे."

मी पायरीवर बसलो. काकांचे कपडे वाटून झाले होते, चष्मा देऊन झाला होता. त्यांचा एवढा एक आवाज शिल्लक होता, आणि तो मी पाना घेऊन, घाम गाळून खोलून काढला होता. वर भंगारात दिला होता!

तसाच पेणला पळालो. भंगारवाला म्हणाला, "तो व्हय? जिते गावच्या एका शेतकऱ्यानं नेला. पंपाला लावायला."

जित्याच्या रस्त्यावर गाडी थांबवली मात्र, अंगावर काटा आला. लांबून काका येत होते! धड-धड-धड... तसेच! आवाजाच्या मागे गेलो, तर वांग्यांचा मळा आणि बांधावर डिझेलचा पंप.

"दादा, तो सायलेन्सर परत द्या हो. बदल्यात हा नवा घ्या. विलायती आहे."

त्याने माझ्या गाडीचा आवाज ऐकला आणि मान हलवली. "नाय जमायचं. याचा आवाजच येत नाय! पंप चालू हाय का बंद, घरी बसून कलायचं कसं मना?"

तेवढ्यात त्याची बायको वांग्यांची टोपली घेऊन आली. "द्या त्यांना त्यांचा. कानाला दडे बसलेत माज्या. चार दिस मी बोलतंय त्यातलं तुमाला काय ऐकू आलं का?"

"गो, तेवढंच तर बरं होतं..." तो पुटपुटला, आणि पाना आणायला गेला.

काकूला घेऊन पुलापर्यंत फिरून आलो. धडधडाटात ती काहीतरी म्हणत होती. मला ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच बहुतेक. मी समोर बघून गाडी चालवत राहिलो.

परवा मुंबईचे एक जुन्या गाड्यांचे शौकीन आले होते. गाडीखाली वाकले आणि माझ्यासारखेच किंचाळले. "अहो, याचा ओरिजनल सायलेन्सर कुठाय?"

काय सांगणार? खरं तेच सांगितलं.

"जित्याला असतो. वांग्यांना पाणी सोडतो."