विहिरीवर अख्खी काच

तर रीना अजूनही फोनवर तेच म्हणते, की दोन वर्षांनी घरी आलास आणि गावाची विहीर बंद करून गेलास. बंद नाही केली. फक्त हात वर केला. हात सगळ्यांनीच केला होता, पण रीना सगळ्यांची बहीण नाही ना.

मी दोहाला काचेच्या इमारतींवर असतो. ऐकायला झकास वाटतं. काम म्हणजे काचेला रबरी चंबू चिकटवून ती उचलायची आणि सुपरवायझर सोड म्हणेपर्यंत धरून उभं राहायचं. जानेवारीत रीनाचं लग्न, तेव्हा रजा नाही म्हणाले. म्हणून म्हटलं, आधीच जाऊन तयारीला हातभार लावू.

आमचं गावठण मरोळच्या बाजूला. तुम्ही गेलात तर एअरपोर्टवरून मेट्रो घ्या, मरोळ नाक्याला उतरा, स्वस्तात पोचाल. मी ऐटीत टॅक्सी केली, साडेचारशे रुपये दिले आणि बहुतेक वेळ एकाच सिग्नलला बसलो. गल्लीत टॅक्सी शिरत नाही. शेवटी फॉरेन रिटर्न माणूस बॅग डोक्यावर घेऊन घरी.

बघायचं काय, तर जुनी लायब्ररी. कौलारू घर, खाली पुस्तकं, करकरणाऱ्या लाकडी जिन्याने वर गेलं की म्युझियम: आमच्या आज्यांची लुगडी, भाताची मापं, नांगर. रविवारी सकाळी उघडं असतं, तिकीट नाही, पेटीत मनाला येईल ते टाका. आठवीत शाळा सोडली तोवर मी तिथलं एकच पुस्तक वापरलं होतं, कॅरम डुगडुगायचा म्हणून त्याच्या पायाखाली. आता मागच्या अंगणात काचेचं नवं दालन होतंय. म्हाताऱ्यांना जिना चढवत नाही, म्हणून वरच्या वस्तू खाली येणार. आणि अंगणातली गावची विहीर बरोबर त्या दालनाच्या आत येते.

रविवारी तिथेच मीटिंग होती. कमिटीचे पास्कल अंकल म्हणाले, "आपला हा पोरगा फॉरेनला काचेत आहे. काय रे, विहिरीवर काय टाकायचं?"

आर्किटेक्ट मॅडमनी दोन चित्रं दाखवली. एकात उघडणारं झाकण, दुसऱ्यात अख्खी काच आणि खाली विहिरीत दिवे. मी उठलो. "अख्खी काच टाका. झाकण आलं की फट आली, फट आली की मच्छर आले."

टाळ्या पडल्या. त्या इमारतीत माझं पहिल्यांदाच कोणी ऐकत होतं. सगळ्यांचे हात वर गेले, माझा सगळ्यात आधी.

घरी आईने फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, आणि वर्षभराच्या बॉटल मसाल्यातलं मटण केलं होतं. रीनाने मला वाढलंच नाही.

"माझं पाणी कुठून काढणार रे?"

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी काढून आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. आईचंही ह्याच विहिरीचं होतं.

"बँडवाल्यांना सांगू का, वाजत वाजत आमच्या किचनच्या नळापर्यंत चला?"

"तसं नाही गं..."

"तुझ्या लक्षात कसं नाही आलं?"

खरंच नाही आलं. दोहाला काच बसवली की खाली काय आहे ते आम्हाला कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी पास्कल अंकलकडे गेलो. ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "काल तूच मच्छर मच्छर केलंस ना?"

"अंकल, मच्छर परवडले. बहीण नाही परवडत."

त्यांनी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, कळशी जाईल एवढं झाकण काचेत होईल, स्टीलच्या चौकटीचं. पण त्याचे पैसे वेगळे, आणि काचेची ऑर्डर महिनाअखेर जाणार. ही भट्टीत कडक केलेली काच, नंतर कापायला गेलं की चुरा होतो. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मला पक्की माहीत आहे.

"ठराव मी बदलून घेतो. खर्च ज्याने तोंड उघडलं त्याने द्यावा," अंकल म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

आता दोहाला परत आलोय. खरेदीला हातभार शून्य, फुगे मात्र डबा भरून आणले आणि दोन दिवसांत रूममेटांनी संपवले. जानेवारीत आई, मावश्या, अख्खं गावठण त्या झाकणाभोवती उभं असेल आणि मी इथे कुठल्यातरी मजल्यावर काच धरून उभा असेन. बँडचा आवाज फोनवर ऐकव, असं रीनाला सांगितलंय. ती म्हणाली, आधी झाकणाचे पैसे पाठव, मग बँड. नवा फोन घ्यायचा होता, तो राहू दे. उद्या सकाळी पाठवतोय, एकवीस हजार पाचशे.