पहाऱ्याची बोट

दादा पहाऱ्याच्या बोटीवर कामाला लागला आणि बाबा त्याच्याशी बोलेनासे झाले. अर्नाळ्यात आमचं घर दोन खोल्यांचं. एवढ्याशा घरात दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता राहायचं म्हणजे फार जपून वागावं लागतं. बाबा पुढे बसलेले असले की दादा मागच्या दाराने यायचा. निरोप माझ्यामार्फत जायचे. "तुज्या भावाला सांग, माजी टॉर्च होती तिथं ठेव." दादा हाताच्या अंतरावर जेवत असायचा. तो काही न बोलता उठायचा आणि टॉर्च ठेवून यायचा.

घरात आम्ही भावंडं बाबांना 'अरे-तुरे'च करतो. लिहायला बसलं की मात्र माझा हात आपोआप 'बाबा म्हणाले' असं लिहितो. ते तसंच राहू देते.

ही दोन हजार सालानंतरची, पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. मी तेव्हा विरारच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे गल्लीतल्या लोकांना वाटायचं की मला सगळं माहीत असणार. मला फारसं काही माहीत नव्हतं. भूगोलाच्या तासाला एकदा बाईंनी सांगितलं होतं की आपल्या किनाऱ्यासमोर खोल समुद्रात तेल आणि वायू निघतो, आणि त्यातल्या एका साठ्याला वसईचंच जुनं इंग्रजी नाव दिलेलं आहे. मला उगाच अभिमान वाटला होता. घरी येऊन मी ते आईला सांगितलं. आई स्टोव्हला पिन मारत होती. ती म्हणाली, "मंग त्यांना सांग, गावाचा नाव घेतलाव, तं गावाला एक सिलिंडर तरी द्या."

त्या वर्षी दिवाळीनंतर तेल शोधणारं जहाज आमच्या बाजूला आलं. किनाऱ्यावरून ते लहान आणि पांढरं दिसायचं, निरुपद्रवी. पण समुद्रावर जाऊन आलेले लोक वेगळं सांगायचे. त्याच्या मागे पाण्यात लांबच लांब केबली असतात, म्हणायचे, शेवट दिसत नाही. ते जवळून गेलं की बोटीच्या फळ्यांतून पायाला धक्के बसतात, कोणी खालून हातोडा मारल्यासारखे. बोंबील कमी झाला होता. वाळवणाच्या काठ्या अर्ध्या रिकाम्या असायच्या. तो जहाजामुळे कमी झाला की आणखी कशामुळे, मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा एका काकांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "तू शिकतीस ना? सांग, त्या धक्क्यानं मासली मरते का पलते?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, "मंग बस कशाला धरतीस रोज?"

मच्छीमार सोसायटीत सभा झाली. कंपनीचा एक साहेब आला होता. त्याने सांगितलं की जहाजाच्या वाटेतली जाळी काही दिवस काढून घ्या. कुठे कुठे जाळी आहेत ते नकाशात दाखवा, म्हणजे जहाज तिथून लांब जाईल. तेल मिळालं तर देशाचं भलं होईल. मागून एक म्हातारी ओरडली, "देश ऱ्हातो कुठं तो? आमच्या गल्लीत नाय ऱ्हात का?" सगळे हसले. साहेबही हसला. मग कोणी हसेना.

जाळी नकाशात दाखवायची नाहीत असं सभेत ठरलं. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, म्हणून थोडं सांगते. आमचं जाळं म्हणजे डोल, लांब पिशवीसारखं. ते समुद्राच्या तळाशी ठोकलेल्या खांबांना बांधलेलं असतं. त्या खांबांना आम्ही कव म्हणतो. प्रत्येक घराची कव आपापल्या जागी असते, आजोबा-पणजोबांपासूनची. त्या जागेचा कागद नसतो. किल्ल्याचा बुरूज अमक्या झाडाखाली आला, डोंगराचं टोक तमक्या बाजूला सरकलं, की आपली जागा आली. बापाने मुलाला बोटीवरून दाखवायचं, तेवढंच. शेजाऱ्यालाही नीट सांगत नाहीत. मुलींना तर दाखवायचा प्रश्नच नाही, आम्ही बोटीवर जात नाही. जागा एकदा नकाशात गेली की समुद्र त्यांचा झाला, पुढच्या वेळी ते विचारायलाही येणार नाहीत, असं बाबांचं म्हणणं होतं. सभेत सर्वात मोठ्याने तेच बोलले होते.

आणि त्याच आठवड्यात दादाने कंपनीची नोकरी धरली. जहाजाच्या पुढे एक छोटी बोट चालते, नारिंगी झेंडा लावून. वाटेत कोणाचं जाळं, कोणाची होडी दिसली तर तिला बाजूला काढायचं. त्यासाठी त्यांना गावची भाषा बोलणारा माणूस हवा होता. दादा आयटीआय झालेला होता. त्याने कितीतरी ठिकाणी अर्ज केले होते, तेल कंपनीतही. समुद्र आमचा, पण त्यावरच्या पक्क्या नोकऱ्या दुसऱ्याच कुठल्या लोकांना मिळायच्या. आमच्या वाट्याला आली ती ही, जहाज असेपर्यंतची.

बाबा त्याला एवढंच म्हणाले, "त्यांना तुजा झेंडा नकोय. तुज्या डोक्यातली जागा पायजेल. विकशील. आज नाय तं उद्या."

दादा म्हणाला, "नाय विकनार."

"विकशील," बाबा म्हणाले. त्यानंतर ते त्याच्याशी बोलले नाहीत.

मला भीती वाटायची ती नक्की कशाची, हे तेव्हा सांगता आलं नसतं. सकाळी दोघेही एकाच समुद्रावर जायचे, वेगवेगळ्या बोटींतून. बसमध्ये पुस्तक उघडं ठेवून मी एकच पान वाचत बसायचे. दुपारी परत आले की घरी न जाता आधी सोसायटीच्या ऑफिसात जायचे. तिथे वायरलेसचा सेट होता. तो सांभाळणारे काका मला काही बोलायचे नाहीत. खरखर ऐकत मी दारात उभी राहायचे आणि बाबांचा किंवा दादाचा आवाज आला की घरी जायचे.

त्या दिवशी ऑफिसात आधीच पाच-सहा बाया जमल्या होत्या. आईसुद्धा होती, डोक्यावरची टोपलीही तिने उतरवली नव्हती. मी विचारलं, काय झालं? काका म्हणाले, "जहाज तुमच्या कवीवर चाललाय. तुजा बाप तिथंच बांधून बसलाय."

उधाणाचे दिवस होते. पाण्याचा जोर थांबेपर्यंत डोल ओढता येत नाही, म्हणून बोट जाळ्याच्या दोराला बांधून वाट पाहत बसावं लागतं. बाबा आणि त्यांचे दोन खलाशी तसेच बसले होते. दादाची बोट अजून लांब होती. त्याचा आवाज आला.

"बाबा, मी बोलतंय. जाला सोड न् बाजूला व्ह. जहाज सरल तुज्यावर येतंय. ओव्हर."

"बापाला ओव्हर बोलतो मेला," एक बाई म्हणाली. कोणी हसलं नाही.

उत्तर आलं नाही. दादा पुन्हा बोलला. पुन्हा नुसती खरखर. बाबांचा सेट चालू होता, हे काकांना माहीत होतं, कारण थोड्या वेळापूर्वीच ते दुसऱ्या बोटीशी बोलले होते. ते फक्त मुलाला उत्तर देत नव्हते.

तिसऱ्या वेळी बाबांच्या खलाशाचा आवाज आला. "तो नाय बोलत रे. तो बोलतो, जहाज वलेल. तुला ठाऊक हाय आपली जागा. सांगितली असशील, बोलतो. त्यांच्या नकाशात हाय. ते केबल तोडून घेनार हायेत काय? वलतील."

मला ते कळायला थोडा वेळ लागला. बाबा निवांत बसले होते. आपल्या मुलाने जागा विकली, या खात्रीवर ते निवांत होते.

मग दादाचा आवाज आला तो वेगळाच होता, लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा.

"बाबा, मी त्यांना सांगितलीच नाय जागा. कोनाला नाय सांगितली. त्यांच्या नकाशात तिथं मोकला पानी हाय. बाबा, ते वलनार नायत."

काकांनी सेटचा आवाज वाढवला.

"खोटा बोलतंस." बाबांचा आवाज. कितीतरी दिवसांनी ते दादाशी बोलले.

"आयची शपथ."

"मंग आता सांग त्यांना."

"सांगितला. आत्ता सांगितला. एवढ्यात वलत नाय ते. मागं केबली हायेत, थांबलं तं सगल्या गुंतायच्या. बाबा, तू सोड रे."

पुन्हा खरखर. बाबा काय विचार करत होते कोण जाणे. ते जाळं आईने आणि त्यांनी मिळून विणलं होतं, आणि खाली कव होती, त्यांच्या आजोबांनी मारलेल्या जागेवरची. आईने टोपली माझ्या हातात दिली आणि काकांच्या हातातून माईक घेतला. "बटन दाब," काका म्हणाले. तिने दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

"अवो, आयकता ना? पोरगा माजी शपथ घेतो, न् तुम्ही बसलाव जाल्याला मिठी मारून. कापा दोर! का मी येऊ कापायला?"

तिने बटण सोडलं. मग पलीकडून बाबांचा आवाज आला, पण तो आमच्यासाठी नव्हता. "कोयता दे," ते कोणाला तरी म्हणाले. त्यांच्या हातून बटण दाबलेलंच राहिलं असावं, कारण आम्हाला सगळं ऐकू येत होतं. पाण्याचा आवाज. दोरावर कोयत्याचे घाव. ताणलेला ओला दोर लवकर तुटत नाही. कोणीतरी शिव्या देत होतं. मग इंजिनाचा आवाज आला, आला आणि बंद पडला. पुन्हा लावलं. पुन्हा बंद पडलं. आणि मग सेट एकदम गप्प झाला. मी टोपली इतकी घट्ट धरली होती की तिच्या काड्या बोटांत रुतल्या होत्या, हे मला नंतर दिसलं. आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. कोणी तिच्याजवळ गेलं नाही. मीही गेले नाही. जवळ गेलं की काहीतरी वाईट ठरून जाईल, असं वाटत होतं.

मग दादा बोलला. "सुटले. आय, सुटले ते. बोट बाजूला हाय. मला दिसतात तिघंपन."

आई वळली आणि म्हणाली, "टोपली इकडं आन, मासली खराब व्हईल."

बाबा संध्याकाळी परत आले. किनाऱ्यावर माणसं जमली होती. केबलीने जाळं नेलं, कवही उपटली. काही जण म्हणाले, जागा सांगितली असती तर वाचली असती. काही म्हणाले, पोरगा शब्दाला जागला. दोन दिवसांनी कंपनीचा साहेब भेटला. त्याने चहा दिला आणि अगदी सभ्यपणे सांगितलं की कंपनीकडे त्या जागी जाळ्याची नोंदच नाही, मग भरपाई कशाची द्यायची?

पण ते नंतर. त्या संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला बसलो.

बाबा भात कालवत म्हणाले, "मला वाटला, तू सांगितलास. म्हनून बसलो."

दादा म्हणाला, "मला वाटला, जहाज दिसलं की तू बाजूला व्हशील. म्हनून नाय सांगितला."

"दोघं पन शानेच," आई म्हणाली. "वाढू का आजून?"

मी मान खाली घालून जेवत होते. जहाजाची भीती मला कळत होती. पण एका घरातली दोन माणसं एकमेकांना इतकं चुकीचं ओळखतात आणि त्यावर जीव टांगून बसतात, हे मला जास्त भीतीदायक वाटलं. कदाचित मी बरोबर सांगत नसेन. कॉलेजात असं काही शिकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा निघाला तर बाबा त्याच्या मागोमाग चालू लागले. आई आणि मी पण किनाऱ्यापर्यंत गेलो. पहाऱ्याची बोट लागली होती. जहाज आज आणखी दक्षिणेला जाणार होतं, जिथे गल्लीतल्या दुसऱ्या घरांच्या कवी होत्या.

"तू कुठं?" दादाने विचारलं.

"बोटीत," बाबा म्हणाले. "दुसऱ्यांच्या कवी मला अंदाजानं ठाऊक हायेत. जागा सांगायची नाय. कव आली की तिच्या डोक्यावर बोट उभी करायची, लय आधीपासून. त्यांना बोलायचा, हितून लांबून जा. का, ते विचारू देत."

"साहेब विचारेल, हा कोन?"

"सांग, खलाशी हाय. फुकट काम करतो."

"फुकटवाले त्यांना लय आवडतात," दादा म्हणाला आणि हसला. बाबा हसले नाहीत, पण त्याने पुढे केलेला हात धरून ते वर चढले.

कंपनीचा नियम म्हणून दादाने त्यांना नारिंगी जॅकेट दिलं. बाबांनी ते बाजूला टाकलं. जन्मात कधी घातलं नाही, म्हणाले, आता काय घालतो. आई पदर खोचून गुडघाभर पाण्यात शिरली.

"घाला."

"लोक हसतील."

"हसू देत. घाला, नाय तं मी बोट सोडत नाय."

तिने खरंच बोटीचा काठ धरला होता. बाबांनी जॅकेट उलटंच अंगात घातलं. दादाने ते सुलटं केलं. आईने त्यांना वाकायला लावून छातीवरचे पट्टे स्वतः बांधले, प्रत्येक गाठ ओढून पाहिली, आणि मग बोट सोडली.