नाव आधी, भाजी मंग

पेनाचं टोपण दातात धरून ते मांडीवर वही उघडायचे आणि समोरच्या बाईला म्हणायचे, "नाव आधी सांग गो. भाजी मंग." बाई लाजून पदर तोंडाला लावायची. ते थांबायचे. नाव कागदावर उतरल्याशिवाय पुढचं अक्षर लिहायचे नाहीत.

नोंदी ठेवणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. लाइट किती वाजता गेली तेही कॅलेंडरवर लिहिणारी. हे त्यांच्यातले पक्के. नोकरी भातसानगरला, धरणावर. रोज पाण्याची पातळी बघायची, वहीत लिहायची आणि शेजारी सही ठोकायची. "पाणी कुनी बघितलं त्ये नाय लिवलं, तर आकडा कुनाचा?" असं ते मला विचारत. निवृत्त होऊन वैशाखऱ्याजवळच्या आपल्या पाड्यावर आले, तर मोजायला पाणी नव्हतं. मग रानभाज्या लिहायला घेतल्या. चार पावसाळे आसपासचे पाडे पालथे घातले आणि पाच वह्या भरल्या. प्रत्येक पानाच्या समासात सांगणारीचं नाव: ठकी, सोमी, बुधी. लोताच्या भाजीला वहीत तीन पानं होती, कारण तिघींनी तीन तऱ्हा सांगितल्या होत्या आणि त्यांना तिन्ही खऱ्या वाटत होत्या.

मी शहापूरला एका लहानशा संस्थेत कामाला आहे. आमच्याकडे माहितीपुस्तिकांचे गठ्ठे पडून असतात, वाचत कोणी नाही. म्हणून मी त्यांचे पॉडकास्ट करायला लागलो. मजकूर एआयला द्यायचा आणि सांगायचं, दोघांच्या गप्पा करून दे, एक ताई आणि एक दादा. चहा निवायच्या आत संहिता हजर. आवाजही यंत्राचेच. ऑफिसात माझी कॉलर जरा ताठ झाली होती, हे कबूल करतो.

रानभाज्यांचे भाग करायला वह्या माझ्या हातात देताना काकांनी एकच मागणं केलं. "सर, बायांना मी शब्द दिलाय. तुमची नावं मोबाइलमदी ऐकू येतील, असा. तेवढा बघा."

"काका, काळजीच सोडा," मी म्हणालो.

पहिल्या संहितेत नावं होती. ती ऐकायला मला कंटाळवाणी वाटली. जरा गप्पा रंगतात तोच ठकी म्हणते, सोमी म्हणते, बुधी म्हणते. मी एआयला लिहिलं, नावं काढून टाक, घरगुती आठवणी घाल. त्याने नावं काढली, आठवणी घातल्या. लोक हल्ली यंत्रावर खापर फोडतात, म्हणून सांगून ठेवतो: हे मी केलं.

ज्येष्ठ सरत आला होता. भाताची रोपं अजून लावणीजोगी झाली नव्हती, त्यामुळे बाया मोकळ्या होत्या. काकांनी त्यांना आपल्या ओटीवर जमवलं. सोमी तर ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. मी मोबाइल मधोमध ठेवला.

यंत्रातली ताई म्हणाली, "दादा, लोत म्हटलं की मला माझी आजी आठवते. ती लोताची भाजी नेहमी ताकात शिजवायची." यंत्रातला दादा म्हणाला, "काय सांगतेस, ताई!" बाया खुदखुदल्या. भाग संपला तरी त्या मोबाइलकडेच बघत राहिल्या. मग सोमीने विचारलं, मला नाही, काकांना. "भाऊ, माझा नाव कंदी येल?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"पुढच्या भागात," मी म्हणालो. पुढचा भाग तयार होता. त्यातही नावं नव्हती.

त्यांनी मान हलवली आणि टोपण दातात धरलं. मला वाटलं सुटलो. "ताकातली लोत मला नवी हाय, सर. आमी बोंडाऱ्याचा आंबट पाला टाकतो, नायतर घसा खाजतो. ही आजी कुनाची?"

तिथे खरं सांगता आलं असतं. आजीबिजी कोणी नाही, ते यंत्राने रचलंय, एवढंच वाक्य. पण दहा-बारा बाया बघत होत्या आणि सोमीचा प्रश्न अजून ओटीवर तसाच होता. "माझी," मी म्हणालो.

"नाव आधी सांगा."

"सुलोचना. कल्याणची."

त्यांनी ते सावकाश, नीट अक्षरात लिहून घेतलं. माझ्या आजीने जन्मभर बाजारातली मेथी निवडली. लोत तिने डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती.

नंतर त्यांचे फोन आले. "सर, बाया इचारतात." मी म्हणायचो, काम चालू आहे. तिसऱ्यांदा त्यांचं नाव मोबाइलवर दिसलं तेव्हा मी फोन उचलला नाही, नुसता वाजू दिला. मला त्यांची भीती वाटायला लागली होती. इतक्या साध्या माणसाची.

दिवाळीनंतर ते गेले. छातीत दुखलं, मुरबाडला नेईपर्यंत खेळ आटोपला. मी दहाव्याला गेलो. ओटी तीच होती. बाया होत्या. सोमीने मला पाणी आणून दिलं आणि काहीच विचारलं नाही. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

निघताना त्यांच्या सुनेने सहावी वही हातात ठेवली. "बाबा बोलले व्हते, ही सरांना दाखवायचीय. तुमी फोन नाय उचलला ना, मंग ऱ्हायली."

मी ती रस्त्यावर येऊन, गाडी बाजूला लावून उघडली. पहिल्याच पानाच्या समासात लिहिलं होतं, सुलोचना, कल्याण, सरांची आजी. शेजारी ताकातली लोत. खाली दुसऱ्या शाईत चार ओळी आणि सही:

'ताकात शिजवून पाहिली. दोन दिवस घसा खाजला. आजींचं चुकणार नाही, माझंच काही राहिलं असेल. सरांना विचारणे.'