बेसिलच्या नावाचा भुंगेरा

यव्होन मिस अंधेरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि मी त्यांच्याच विभागात नवा लागलोय. माझं शिक्षण परांड्याचं. तिथं भुंगेरा म्हणजे शेणाची गोळी ढकलत निघालेला गृहस्थ, त्याला वाट द्यायची नि पुढं व्हायचं. मिसचे भुंगेरे मात्र पाच कोटी वर्षांपूर्वी झाडाच्या चिकात अडकून मेलेले. तो चीक जमिनीत दबून दगड झाला की त्याला अंबर म्हणतात. गुजरातच्या कोळशाच्या खाणीतून असे खडे मिसकडे येतात. मग आतल्या भुंगेऱ्याचं घराणं कुठलं, हे मिस ठरवतात. स्थळ बघायला आलेली मावशी करणार नाही इतक्या चौकशा करतात.

यंदाचा खडा हरभऱ्याएवढा, आतला भुंगेरा तिळाएवढा. असा आजवर कोणी पाहिलेला नाही, असं मिसचं म्हणणं. नवा असेल तर नाव द्यायचा मान त्यांचा, आणि नाव ठरलेलं होतं. बेसिल, म्हणजे त्यांचे पप्पा. वय नव्वद, मुक्काम मरोळ गावठाण. मरोळला भातशेती होती तेव्हा बांधावरचे किडे काडेपेटीत घालून ते लेकीला आणून द्यायचे. मिसनी हे नावाचं घरी आधीच सांगून टाकलं. गावठाणात एका ओट्यावर सांगितलेलं संध्याकाळपर्यंत चर्चच्या पायरीवर पोचतं. रविवारी केक कापायचा हेही ठरलं.

घोळ मागच्या पायात होता. भुंगेऱ्याच्या पावलाला आपल्या बोटांसारखी पेरं असतात. मागच्या पावलाला पाच निघाली तर हा नवा. चार निघाली तर त्याच खाणीतला, दुसऱ्या कोणीतरी कधीच नाव देऊन ठेवलेला. एक मागचा पाय पोटाखाली मुडपलेला. दुसऱ्यावर दुधासारखा फेस गोठलेला. खडा एका बाजूनं घासून खिडकी केली तरच फेसाच्या आडून पाऊल दिसणार. पण त्याच बाजूला भुंगेऱ्याची मिशी अगदी कडेपर्यंत आलेली. हात जरा पुढं गेला की आधी मिशी घासली जाणार, मग डोकं. आणि असा दुसरा खडा नाही.

"मिस, 'पाऊल दिसत नाही' असं लिहा ना," मी म्हणालो. "खोटं थोडंच आहे?"

"आणि उद्या कोणी घासून बघितलं तर? पप्पांचं नाव छापल्यावर खोडायचं?"

"मग घासू नका. कपाटात ठेवा. घराण्याची इज्जत शाबूत."

"नितेश, पाणी आण आणि गप बस."

मिसची घासायची एक रीत आहे. काचेवर ओला पॉलिश पेपर, त्यावर बोटाच्या टोकानं धरलेला खडा, आणि तोंडानं चर्चमधली जपमाळ. दहा वेळा 'नमो मरिये', मग 'पित्याचा, पुत्राचा गौरव'. गौरव आला की हात थांबवायचा, खडा पुसायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा. घड्याळ लावलं तर त्यांचा हात घाई करतो म्हणे. वर्षभर शेजारी बसून मलाही ती जपमाळ पाठ झालीय. आमच्या आईला हे अजून सांगितलेलं नाही.

शनिवारी दुपारी त्यांनी सुरुवात केली. पहिल्या फेरीत काही दिसलं नाही. दुसऱ्या फेरीनंतर फेसाची कड सुटली. "अजून एक," मिस म्हणाल्या. कपाळाचा घाम मनगटानं पुसला आणि पुन्हा 'नमो मरिये' सुरू केलं. मी मोजत होतो. दहा झाले. गौरव झाला.

हात थांबला नाही.

लहानपणापासून रोज संध्याकाळी घरात सगळ्यांनी मिळून म्हटलेली माळ ती. गौरवानंतर तिथं कोणी थांबत नाही, पुढचं 'स्वर्गातील बापा' आपोआप जिभेवर येतं. तसं आलं. बोट फिरतच होतं.

"मिस, गौरव झाला."

ऐकू गेलं नाही. डोळे मिटलेले. पुढचं 'नमो मरिये' लागलं तेव्हा मी सरळ त्यांचं मनगट धरलं. मिसनी आधी माझ्याकडं रागानं पाहिलं, मग कागदाकडं. खडा पुसला, मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.

"शाबूत आहे का तो?" मी विचारलं.

"तू बघ. मागचं पाऊल मोज. मी काय मोजलं ते सांगणार नाही."

ही पण त्यांची रीत. मोजणारे दोघं, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला कळू द्यायचा नाही. मी डोळा लावला. भुंगेरा जागेवर होता. उजव्या मिशीचं टोक मात्र गेलं होतं. पाऊल लख्ख दिसत होतं. मी पेरं मोजली. पुन्हा मोजली. नखाजवळून सुरू केलं तर एखादं वाढेल म्हणून उलटीही मोजली. नव्या भुंगेऱ्याच्या शोधनिबंधावर मिसच्या नावाखाली माझंही नाव यायचं होतं. मागं मिसचा श्वास ऐकू येत नव्हता.

पाच म्हणायला जीभ तयारच होती.

"चार," मी म्हणालो.

"माझीही चारच," मिस म्हणाल्या आणि डबीवरची 'बेसिल' लिहिलेली चिठ्ठी नखानं खरवडून काढली.

रविवारी त्या मला मरोळला घेऊन गेल्या. मार खायला सोबत हवी म्हणून असेल. टेबलावर रोझमेरीआंटीचा, म्हणजे मिसच्या वहिनीचा केक तयार होता. त्यावर चॉकलेटचा भुंगेरा. पप्पा कोट घालून बसलेले, पांढऱ्या मिशा पिळून वर केलेल्या.

"पप्पा," मिस उभ्यानंच म्हणाल्या, "तो तुझा नाही निघाला. त्याला दुसऱ्याचं नाव आधीच आहे."

रोझमेरीआंटीची सुरी हवेतच राहिली. पप्पांनी हात पुढं केला. मिसनी मोबाइलवरचा फोटो दिला. त्यांनी तो डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"याची मिशी कोनी तोडली?"

"मी. माझा हात गेला."

पप्पांनी फोटो परत दिला आणि स्वतःच्या मिशीवरून बोट फिरवलं. "मंग बरा झाला. अर्ध्या मिशीच्या किड्याला माजा नाव नको."

कोणीतरी हसलं, मग सगळेच. मिस हसल्या नाहीत. खुर्ची ओढून पप्पांच्या शेजारी बसल्या.

"दुसरा शोध," पप्पा म्हणाले. "पन लवकर."

केक कापला गेला. मागचा पाय माझ्या बशीत आला. रोझमेरीआंटीनं त्याला पेरं काढलीच नव्हती.