ताठ स्प्रिंगच्या खुर्च्या

त्या वर्षी आमच्या घरात सगळं लाल मखमलीचं होतं. पडदे, उशांचे अभ्रे, पायपुसणं, माझी कॉलेजची पिशवीसुद्धा. आईने मिक्सरला मखमलीचा झगा शिवला, तेव्हा बाबा म्हणाले, "आता या घरात एका जागी बसायची सोय नाही. मलाही गवसणी घालाल."

मखमल सोफामामाच्या कामातली उरलेली होती. सोफामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. सोफे आणि खुर्च्या मढवणं हे त्याचं काम, आणि स्वतःही तो एखाद्या भरगच्च कोचासारखा होता. त्याच्या मांडीवर लहानपणी आम्ही भावंडं पाळीपाळीने झोपलोय. त्याच्या कामाची एकच कसोटी होती. खुर्ची तयार झाली की तो तिच्यावर हळूच बसायचा, डोळे मिटायचा, आणि खालून काही निरोप येतोय का याची वाट पाहायचा. "मोजमापं खोटं बोलतात," तो म्हणायचा, "बैठक खोटं बोलत नाही." ती बैठक प्रत्येक वेळी त्याचीच असते, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

एका गृहस्थाने नवं थिएटर बांधायला घेतलं आणि सगळ्या खुर्च्यांचं काम मामाला दिलं. माणूस उठला की बैठक फट्कन वर मिटते, त्या जातीच्या खुर्च्या. मामाने स्पंज उधारीवर घेतला, मखमल उधारीवर घेतली, लाकडी हात सुताराकडून उधारीवर करवून घेतले, आणि कारागिरांच्या मजुरीसाठी बाबांकडून पैसे घेतले. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण लोकांची अंथरुणं शिवण्यात ज्याचा जन्म गेला त्याला स्वतःच्या अंथरुणाकडे बघायला वेळ कुठला?

थिएटर उघडण्याआधीच मालकाने हात वर केले. कोर्टाने त्याला दिवाळखोर ठरवलं, जे काही उरलं होतं ते घेणेकऱ्यांत वाटलं, आणि मामाच्या वाट्याला जे आलं त्यात, मामाच्याच हिशेबाने, एका खुर्चीचा डावा हात झाला असता. खुर्च्या मामाच्या गाळ्यातच राहिल्या, ओळीने, पडद्याची वाट पाहत. आणि पडद्याऐवजी लोक आले तगाद्याला.

मग आमच्या स्वयंपाकघरात सभा बसली.

"तूही हात वर कर," आई म्हणाली. "त्याने केले, त्याचं काय वाकडं झालं? मजेत फिरतोय."

"ताई, अगं गाळा जाईल की गं."

"त्यापेक्षा एकच मोठं कर्ज काढू," मामी म्हणाली. "फोनवर ती कर्जवाली मुलगी रोज विचारते. किती गोड बोलते! सगळ्यांचं एकदम भागवून टाकू, अहो."

"गोड बोलायचाच पगार मिळतो तिला," बाबा म्हणाले. मग त्यांना आठवलं की मामाच्या घेणेकऱ्यांत आपणही आहोत, आणि त्यांनी पेपर उघडला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. शेवटी मी मामाला एका वकीलबाईंकडे घेऊन गेले. बाई शांत आणि नेमकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सांगितलं की दिवाळखोरी हे काही पाप नव्हे. अडकलेल्या माणसासाठी कायद्याने ठेवलेलं ते एक दार आहे. जे आहे ते सगळं कोर्टापुढे मांडायचं, ते विकून वाटलं जाणार. गाळा जाईल, हत्यारं बहुधा राहतील, उरलेलं देणं माफ होईल. पण पुढची काही वर्षं दोऱ्याचं रीळसुद्धा कुणी उधार देणार नाही.

"आणि ते एक मोठं कर्ज?" मी विचारलं.

"व्याज बघितलंत का? दहा डास मारायला घरात वाघ आणायचा." त्या थांबल्या. "तिसरा मार्ग तडजोडीचा. सगळ्यांना एकत्र बोलवा, कमाई किती ते उघड सांगा, हप्ते बांधून घ्या. पण सगळे तयार झाले पाहिजेत. एक जरी अडून बसला तरी गाडी पुन्हा कोर्टाच्या दारात. आणि एक लक्षात ठेवा, अडकलेल्या माणसाने घाईत कशालाच हो म्हणू नये. मामा, ऐकताय ना? मामा कुठे गेले?"

मामा टेबलाखाली होता. "तुमच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे," खालून आवाज आला. "वाघापर्यंत ऐकलं मी."

परत येताना बाईंचं वाघानंतरचं सगळं बोलणं त्याने माझ्याकडून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या थिएटरवाल्याने माझ्या हातात डावा हात ठेवला. तोच मी भावजींच्या हातात ठेवू? एकदा विचारून बघतो सगळ्यांना. एक जरी नाही म्हणाला, तर सोमवारी बाईंकडे जाऊन सही करतो."

गाळ्यात सभा भरली. बसायला दुसरं काही नव्हतंच, म्हणून सगळे थिएटरच्या खुर्च्यांवर बसले. सुतार पुढची रांग सोडून मागे गेला. पुढे बसलं की मान दुखते म्हणाला. कापडवाल्यांनी आधी खुर्चीवरची मखमल चिमटीत धरून पाहिली, आपलीच आहे अशी खात्री केली, मग टेकले. वीज वाचावी म्हणून मामीने मागचा दिवा घालवला, आणि काय झालं कुणास ठाऊक, सगळे आपोआप कुजबुजत बोलायला लागले. समोर उजेडात मामा एकटा उभा. त्याने घसा खाकरला तर मागून सुतार म्हणाला, "शू!"

मामाने सगळं सांगितलं. महिन्याला काय येतं, घरात काय लागतं, काय उरतं. मी त्याला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सुतार हो म्हणाला. कापडवाले हो म्हणाले. बाबा तर प्रश्न संपायच्या आधीच हो म्हणाले.

राहिले स्पंजवाले. सगळ्यांत मोठं देणं त्यांचं. काडीसारखा माणूस, स्वभाव त्याहून कोरडा. ते खुर्चीच्या कडेवर टेकले होते, निघायच्या बेतात असल्यासारखे.

"हप्ते-बिप्ते मला चालत नाहीत," ते म्हणाले. "एकरकमी पैसे, नाहीतर कोर्ट." आणि हे ठासून सांगावं म्हणून हाताची घडी घालून मागे रेलले.

खुर्ची मिटली.

सगळ्या स्प्रिंगा मामाने स्वतः बसून बेतल्या होत्या. मामाच्या वजनाला त्या अगदी योग्य होत्या. स्पंजवाल्यांचे गुडघे कानांशी गेले, बूट छताकडे झाले, आणि चष्म्याच्या एका काचेतून ते आमच्याकडे बघू लागले. हसू नये म्हणून मामीने पदर तोंडात कोंबला. सुताराला तेवढंही जमलं नाही.

"काढा! काढा मला!"

"धीर धरा, पाना कुठे ठेवलाय बघतो."

"अरे हप्ते कबूल! व्याज सोडलं! सगळं कबूल, आधी बाहेर काढ!"

सुताराचं हसू थांबलं. झालं होतं की काम! गाळा वाचला होता. मामी डोळ्यांनी मामाला खुणावत होती, घ्या, शब्द घ्या. मामा पाना हातात घेऊन उभा राहिला.

"नको," तो म्हणाला. "अडकलेल्या माणसाचं हो मी घेत नाही."

मामीने कपाळावर हात मारून घेतला.

मामाने आणि सुताराने मिळून त्यांना बाहेर ओढलं. मामाने गुडघे टेकून स्प्रिंग सैल केली, हाताने दाबून पाहिली, अजून थोडी सैल केली. मग त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "आता सांगा. नाही म्हणालात तरी राग नाही."

स्पंजवाले बसून राहिले. हळूच एकदा वरखाली झाले. मग परत.

"स्पंज माझाच ना?"

"तुमचाच."

"बरा आहे." ते पुन्हा वरखाली झाले. "मुद्दल सोडणार नाही."

"सोडूच नका."

"महिन्याच्या महिन्याला. एक चुकला तर बघ." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि यातल्या दोन खुर्च्या मला पाठव. किंमत हप्त्यातून कापून घे."

"अशाच सैल करून देतो."

"छे छे! ताठच ठेव. माझ्याकडे वसुलीला येतात ना, त्यांच्यासाठी."

सगळ्या माना वळल्या. "म्हणजे तुमच्यावरही?" कापडवाल्यांनी विचारलं.

"मग? स्पंज काय झाडाला लागतो?" स्पंजवाले म्हणाले. जरा थांबून कापडवाल्यांनीही दोन खुर्च्या सांगितल्या. ताठच.

सोमवारी मामा वकीलबाईंकडे गेला, पण सहीला नाही. खुर्चीचा पाय नीट करायला.

गाळा अजून आहे आणि हप्तेही चालू आहेत. मामा आता उधारीवर एक वारही कापड घेत नाही, आणि कोणतीही खुर्ची पाठवण्यापूर्वी मला बोलावून तिच्यावर बसवतो. बाबांचे पैसे द्यायला तो दर महिन्याला स्वतः येतो. त्याने आम्हाला भेट दिलेली एक खुर्चीही आमच्या बैठकीत आहे. बाबा पेपर वाचता वाचता विसरतात, मागे रेलतात, आणि पेपरसकट मिटतात. मग आई शांतपणे समोर येऊन उभी राहते, आणि घराला रंग लावण्यापासून माझ्या सहलीच्या परवानगीपर्यंत एकेक गोष्ट विचारत जाते. तिचं धाकट्या भावासारखं नाही. ती अडकलेल्या माणसाचं हो बिनदिक्कत घेते.