जिन्याखालचा दगड

नोकरीत पुष्कळ गुन्हे पाहिले, बरेच विसरलो. पण त्या नव्या घराच्या जिन्याखालची फरशी उचकटली तो क्षण काही मनातून जात नाही. त्या प्रकरणात ज्याच्यावर मी सर्वांत जास्त संशय घेतला, तोच माणूस खरा निघाला.

मी तेव्हा धाराशिव शहरात ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक बिल्डर फिर्याद घेऊन आला. शहराबाहेर त्याने नवी वसाहत उभी केली होती. तिच्यातलं रस्त्याकडेचं शेवटचं घर जळकोटच्या एका निवृत्त शिक्षकाने घेतलं. घर तयार होतं, पण वसाहतीचं रेखांकन, म्हणजे घरं-रस्त्यांचा नकाशा, तात्पुरतंच मंजूर होतं. पुढे अंतिम मोजणी झाली आणि घराची पुढची खोली जिन्यासकट रस्त्यात आली. नगरपरिषदेने पाडण्याची नोटीस चिकटवली.

बिल्डर म्हणाला, "मी मागच्या दोनच खोल्या दिल्या होत्या. गुरुजींनी हद्दीचे दगड उपटले आणि पुढची खोली वाढवली."

गुन्हा नोंदवला आणि गुरुजींना बोलावलं. स्वच्छ लेंगा-सदरा, हातात पिशवी. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार. ताबा कधी घेतला, रंग कोणी दिला, खोलीची लांबी किती, कुठे अडखळणं नाही. मला अडखळणारा माणूस परवडतो. पाठ म्हणणाऱ्याची मला शंका येते.

"अंतिम नकाशा न बघता घर घेतलं?" मी विचारलं.

इथे मात्र ते थांबले. "साहेब, भिंती वाजवून पाहिल्या, बोअरचं पाणी पिऊन पाहिलं. हद्दीला दगड रोवलेले होते. दगड रोवलाय म्हणजे हद्द ठरली, असंच आमच्याकडं धरतात."

शिकलेला माणूस इतका भोळा असेल, हे मला पटलं नाही. दुपारी पंच घेऊन घरी गेलो. सगळ्या भिंतींना एकच ताजा रंग. जुनं-नवं काही कळेना. समोर बुद्धाची तसबीर. जिन्याखाली एक लोखंडी पेटी आणि तिला टेकून बसलेल्या गुरुजींच्या पत्नी. पेटी सरकवायला सांगितलं तर बाई हलेनात. माझा संशय बळावला. उघडून पाहिलं तर आत ग्रंथ आणि मुलांची जुनी प्रगतिपुस्तकं.

"मग हलवू का देत नव्हता?"

"तिथली फरशी वर आलीया, साहेब. लई ठेचा लागतात, म्हणून ठिवली. तुमच्याच पायाला लागंल."

मी ते ऐकलं, पण पंचनाम्यात लिहिलं नाही. चूक माझी होती.

दोन दिवसांनी ठाण्यासमोरचा चहावाला ग्लास ठेवता ठेवता बोलला. आमच्या अर्ध्या बातम्या त्याच्याकडूनच येत. "साहेब, दगडाचं गुरुजीला काय इचारता? येरमाळ्याच्या मुकादमाला इचारा. त्या बिल्डरचं नाव काढलं की गडी चहा सोडून उठतोय."

मुकादम म्हणजे बांधकामावर मजूर पुरवणारा आणि त्यांच्याकडून काम करून घेणारा. त्याला आणला. तासभर 'मला ठावं न्हाय' एवढंच चाललं. मी उगाच अंदाजाने विचारलं, "दगड सगळे उपटले का?"

"समदे," तो म्हणाला आणि त्याचा हात झटकन कानाच्या पाळीला गेला. चूक झाली की माणूस देवापुढे कानाला हात लावतो. पोलिसापुढे कोणी लावत नाही.

"एक राहिला ना?"

तो खाली बसला. "मालक म्हणले, दगड रस्त्यात सरकवा, एक घर जादा बसतंय. सरकवले. पर त्या एका दगडाला कामावरल्या बायांनी पहिल्याच दिशी शेंदूर लावला हुता, नारळ फोडला हुता. देवाला पहार कोण लावंल, साहेब? तिथं नवा दगड आणून फुडं रोवला. ह्यो तसाच ठिऊन वरनं जिना घेतला."

त्याच दुपारी पंचांसमोर पेटी बाजूला केली. फरशी निघाली. खाली मोजणीची फुली कोरलेला दगड, शेंदूर अजून ओला असावा तसा लाल. सोबत आणलेल्या मोजणीवाल्याने फीत लावली. मंजूर नकाशाशी बरोबर जुळलं. पुढची खोली बिल्डरनेच बांधली होती. त्याला अटक झाली.

मी गुरुजींना म्हणालो, "सुटलात." मला वाटलं, ते हसतील.

पत्नीने त्या दगडाकडे पाहिलं, मग पुढच्या भिंतीकडे. "म्हंजे आमी चोर न्हाय, व्हय ना साहेब? पर ही खोली रस्त्यातच हाय."

ज्या दगडाने त्यांचं नाव वाचवलं, त्यानेच घर तोडलं. गुरुजींनी पिशवीतून एक वही काढली. चौकशीत चुकू नये म्हणून त्यांनी सगळी उत्तरं रात्रीतून लिहून पाठ केली होती. मी ज्याला बनाव समजलो, ती एका मास्तराची भीती होती. मला स्वतःची लाज वाटली.

खटला अजून चालू आहे. खोली पडली, रस्ता झाला. संशय घेणं पोलिसाला सोडता येत नाही, पण माणसाचं बोलणं तपासताना त्याच्या पायाखालची फरशीही पाहावी, एवढं मी शिकलो. परवा त्या बाजूला गेलो होतो. तो दगड आता उरलेल्या घराच्या दारात उघडा आहे. येणारे-जाणारे त्याला हात जोडतात. गुरुजी जोडत नाहीत. वसाहतीत घर बघायला कोणी आलं की ते त्याला दारात थांबवतात, दगडापाशी नेतात आणि विचारतात, "अंतिम नकाशा पाहिलात का?"